ड्रायव्हरमधली लांबीची चूक: आयऑक्टल दुरुस्त कसा करावा

आयऑक्टल म्हणजे प्रोग्रॅमने ड्रायव्हरला (हार्डवेअर चालवणाऱ्या कर्नलच्या भागाला) आदेश द्यायचा सिस्टम कॉल. त्यातून आलेली लांबी ड्रायव्हरने नीट न तपासणं, हा इथला बग. तो आधी हमखास घडवून आणा. त्यासाठी कासान (मेमरीतल्या चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू करून बिल्ड केलेला लिनक्स कर्नल व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा. कासान नसेल तर शेजारची मेमरी बिघडूनही सगळं बिनबोभाट चालू राहतं आणि क्रॅश होतो तो भलत्याच ठिकाणी. कासानच्या रिपोर्टमध्ये दोन कॉल ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची साखळी) असतात: चुकीचा ॲक्सेस कुठे झाला आणि ती मेमरी घेतली कुठे. बहुतेक जण पहिलाच वाचतात. चूक अनेकदा दुसऱ्यात असते.

समजा, यूजरकडून काउंट (नोंदींची संख्या) येतो आणि ड्रायव्हर काउंट गुणिले १६ एवढे बाइट केमॅलॉककडे (कर्नलमध्ये मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे) मागतो. हा गुणाकार ३२ बिटांत होत असेल, तर काउंट २६,८४,३५,४५७ दिल्यावर उत्तर उलटून फक्त १६ उरतं. मेमरी एका नोंदीपुरती, लूप मात्र कोट्यवधी नोंदी लिहायला निघतो.

केमॅलॉकऐवजी केकॅलॉक वापरा. नोंदींची संख्या आणि एका नोंदीचा आकार त्याला वेगवेगळे द्यायचे; गुणाकार मावत नसेल तर तो नल (रिकामा पॉइंटर) देतो, शिवाय मेमरी शून्य करून देतो, त्यामुळे जुना डेटा यूजरकडे गळत नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. हार्डवेअरची रांग २५६ नोंदींची असेल, तर त्यापेक्षा मोठा काउंट मेमरी मागण्याआधीच -ईइन्व्हल (‘चुकीचं मूल्य’ सांगणारा एरर कोड) देऊन परत पाठवा.

आता खरी मेख. काही ड्रायव्हर आधी यूजरच्या स्ट्रक्चरचा (पाठवलेल्या माहितीच्या गठ्ठ्याचा) नुसता हेडर, म्हणजे सुरुवातीचा भाग, कॉपी करून काउंट तपासतात, मग पूर्ण स्ट्रक्चर पुन्हा यूजर मेमरीतून आणतात. मधल्या क्षणी त्याच प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड (समांतर चालणारा भाग) काउंट बदलू शकतो. मग तपासला एक, वापरला दुसराच. दुसऱ्या कॉपीनंतर दोन्ही काउंट जुळतात का ते पाहा, नाहीतर -ईइन्व्हल.

यूजर मेमरीतून डेटा आणणारं फंक्शन कॉपी_फ्रॉम_यूजर चूक झाल्यावर न आलेल्या बाइटची संख्या देतो, एरर कोड नव्हे. तीच परत केली तर प्रोग्रॅमला सगळं ठीक वाटतं. -ईफॉल्टच (‘चुकीचा पत्ता’ सांगणारा एरर कोड) द्या आणि त्या वाटेवर केफ्री (घेतलेली मेमरी परत करणं) व घेतलेल्या म्युटेक्सचं (कुलपाचं) अनलॉक विसरू नका.

चाचणीत काउंट ०, २५६, २५७ आणि वरचा राक्षसी आकडा द्या. दोन थ्रेडची शर्यतही लावा. जुने प्रोग्रॅम चालायलाच हवेत, म्हणून स्ट्रक्चरची मांडणी बदलू नका.

पॅचमध्ये ‘फिक्सेस’ टॅगसोबत मूळ कमिटच्या (चूक आणणाऱ्या बदलाच्या) हॅशची, म्हणजे ओळख-क्रमांकाची, पहिली १२ अक्षरं आणि स्टेबलसाठी (आधीच्या कर्नल आवृत्त्यांत दुरुस्ती जावी म्हणून) सीसी द्या. चूक गैरवापर करण्याजोगी असेल तर सार्वजनिक मेलिंग यादीआधी मेंटेनर (त्या ड्रायव्हरची देखभाल करणारे) आणि कर्नलच्या सुरक्षा टीमला कळवा.