दाब आणि जागा ओळखणारा टचपॅड: कोडला हात लावण्याआधी या चुका तपासा

चार कोपऱ्यांत चार फोर्स सेन्सर, वर एक कडक पाटी. चौघांच्या आकड्यांवरून बोट कुठे टेकलंय आणि किती जोरात दाबतंय, दोन्ही काढायचं. २०१५ पासून बऱ्याच मॅकबुकच्या ट्रॅकपॅडखाली चार कोपऱ्यांत फोर्स सेन्सर असतात, पण तिथे बोटाची जागा कपॅसिटिव्ह थर सांगतो. घरी बनवायच्या पॅडमध्ये दोन्ही कामं या चौघांवरच सोपवता येतात. गणित शाळेतल्या मोमेंटचं:

दाब = चौघांची बेरीज

क्ष (मध्यापासून आडवी जागा) = (सेन्सरांमधलं अंतर ÷ २) × (उजव्या दोघांची बेरीज − डाव्या दोघांची बेरीज) ÷ चौघांची बेरीज

'य' (उभी जागा) साठीही हेच, फक्त वरचे दोन आणि खालचे दोन. अंतर सेन्सरच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं, पाटीची रुंदी नव्हे. ही चूक इतक्या वेळा दिसते की आधीच सांगून टाकलेली बरी.

गणित एवढंच असल्यामुळे सगळे थेट कोडवर उडी मारतात. मग कर्सर नाचायला लागला की कालमन फिल्टर (आकड्यांची थरथर गाळणारं गणित) शोधत बसतात. दोष बहुतेक वेळा पाटीखाली किंवा पाटीच्या कडेला असतो, आणि फिल्टरने तो फक्त झाकला जातो.

पाटी सेन्सरांशिवाय दुसऱ्या कशालाही टेकते

बोटाच्या जोरातला थोडा हिस्सा जरी फ्रेमकडे, वायरकडे किंवा कडेच्या सिलिकॉनकडे गेला तरी तो सेन्सरांपर्यंत पोचत नाही. दाब कमी दिसतो आणि जागा चोरीच्या विरुद्ध बाजूला सरकते.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये हे हमखास पाहायला मिळतं. एका ग्रुपने २०० मिमीची अ‍ॅक्रिलिकची पाटी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत छान घट्ट बसवली होती. दोन्ही बाजूंची मिळून जेमतेम ०.१ मिमी फट. दिसायला अगदी दुकानातल्या मालासारखं. एसी लॅबमध्ये २४ अंशांना पॅड उत्तम चालला. प्रदर्शनाच्या दिवशी पत्र्याच्या हॉलमध्ये ३८ अंश होते. तिथे बोट उचललं तरी दाब शून्यावर येईना आणि उजवी बाजू जवळपास मेली. पोरांनी पाच-पाच मिनिटांनी टेअर मारला (त्या क्षणीचा आकडा शून्य धरला), थ्रेशोल्ड, म्हणजे स्पर्श मानायची मर्यादा, वाढवला, शेवटी बोर्ड बदलला. काही फरक नाही.

आता हिशोब बघा. अ‍ॅक्रिलिक दर अंशाला मीटरमागे साधारण ७० मायक्रॉन वाढतं, अ‍ॅल्युमिनियम २३. १४ अंशांच्या फरकाला २०० मिमीची पाटी ०.२० मिमी वाढली आणि चौकट ०.०६. म्हणजे ०.१ च्या फटीत ०.१३ मिमीची जादा वाढ घुसली आणि पाटी चौकटीत अडकली. अडकलेल्या पाटीवर टेअर मारणं म्हणजे चुकीला शून्य म्हणणं.

चारही बाजूंनी १ मिमी फट ठेवा. पोस्टकार्डाची पट्टी कडेने पूर्ण फिरवा, कुठेही अडकता कामा नये. धुळीची भीती असेल तर वरून सैल झालर द्या, पण फट सिलिकॉनने भरू नका. पाटीवरून खाली वायर येत असेल तर ती पातळ, मल्टिस्ट्रँड आणि ढिला वळसा दिलेली हवी. जाड यूएसबी केबल पाटीखाली कोंबली की तीच पाचवा पाय होते.

लोड सेल (वाकण्यावरून जोर मोजणारा धातूचा सेन्सर) वापरणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. बार टाइप सेलचं एक टोक तळाला आवळायचं आणि दुसरं मोकळं लटकलं पाहिजे. त्यासाठी आवळलेल्या टोकाखाली २–३ मिमीचे वॉशर लागतात. वॉशर न घालता सेल तळाला सपाट चिकटवली तर ती वाकणार कशी? आणि पाटी चारही सेलना स्क्रूने घट्ट आवळू नका, पाटीचा पीळ सेलमध्ये उतरतो. मोकळ्या टोकावर घुमट डोक्याचा स्क्रू काढून पाटी त्यावर नुसती ठेवा. पाटी सरकू नये म्हणून एका घुमटाखातर पाटीच्या खालच्या अंगाला खळगा, दुसऱ्याखातर त्या खळग्याच्या दिशेने खाच, उरलेल्या दोन जागा सपाट.

एफएसआरचे कच्चे आकडे सूत्रात टाकणं

दुसरी लाडकी चूक. एफएसआर (दाबल्यावर रेझिस्टन्स कमी होणारा पातळ सेन्सर) आणि १० किलोओहमचा रेझिस्टर असा डिव्हायडर, मधून आर्डुइनोच्या अ‍ॅनालॉग पिनला वायर, आणि आलेला आकडा थेट 'फोर्स' म्हणून सूत्रात.

एफएसआरवर दाब वाढला की त्याचा कंडक्टन्स, म्हणजे रेझिस्टन्सचा व्यस्त, साधारण त्याच प्रमाणात वाढतो. डिव्हायडरचा व्होल्टेज तसा वाढत नाही, वर जाऊन दबतो. समजा डावीकडे एक भाग जोर आहे आणि उजवीकडे तीन भाग. डावा एफएसआर १० किलोओहम, उजवा ३.३ किलोओहम. १० बिटच्या एडीसीवर (व्होल्टेजचा ० ते १०२३ आकडा करणारा भाग) आकडे येतील ५१२ आणि ७६७. खरं उत्तर (३ − १) ÷ ४, म्हणजे बोट मध्य आणि कड यांच्या बरोबर अर्ध्यावर. कच्च्या आकड्यांतून येतं २५५ ÷ १२७९, म्हणजे ०.२. बोट अर्ध्यावर, कर्सर पाचव्या हिश्श्यावर. त्यात बोट जोरात दाबलं की कर्सर आणखी मध्याकडे ओढला जातो. लोक याला 'सेन्सर ड्रिफ्ट' म्हणून मोकळे होतात.

इलाज एका ओळीचा: सेन्सर पाच व्होल्टच्या बाजूला आणि रेझिस्टर ग्राउंडच्या बाजूला असेल तर एडीसीचा आकडा 'न' धरून 'न ÷ (१०२३ − न)' सूत्रात वापरा. रेझिस्टर चौघांना सारखेच आणि १ टक्क्याचे घ्या. ऑप-अँपची सर्किट त्याहून चांगली, पण आधी भागाकार तरी करा.

जोर एफएसआरच्या कडेवर पडतो

एफएसआर ४०२ चा संवेदनशील भाग १२.७ मिमी व्यासाचा, आणि भोवती स्पेसरचं कडं. पाटी थेट वर ठेवली तर बराच भार त्या कड्यावरून खाली जातो. मध्ये १० मिमी व्यासाची, १–२ मिमी जाडीची रबरी चकती बरोबर मध्यावर चिकटवा. फोमची डबल टेप चालत नाही, ती दबलेलीच राहते.

शेपटीला थेट सोल्डर लावू नका, प्लॅस्टिक वितळतं. क्रिम्प कनेक्टर वापरा. शेपटीतून आतली हवा बाहेर जायची वाट असते, ती गोंदाने बुजवू नका.

दोन एफएसआर एकाच पाकिटातले असले तरी सारखे नसतात. मिलिमीटरची अचूकता हवी असेल तर एफएसआरच्या नादी लागूच नये, सरळ लोड सेल घ्यावेत.

हलक्या स्पर्शाला जागा विचारणं

सूत्रात बेरजेने भागतोय, म्हणजे बेरीज लहान असताना नॉईज फुगणारच. सेन्सरांमधलं अंतर १६० मिमी आणि प्रत्येक सेन्सरचा नॉईज १ ग्रॅम धरा. बोट मध्याजवळ असेल तर २० ग्रॅम दाबाला जागा ८ मिमी इकडेतिकडे होते, २०० ग्रॅमला ०.८ मिमी. तेव्हा ३० ग्रॅम ओलांडल्यावरच स्पर्श माना, २० च्या खाली गेल्यावर सोडा, आणि मधल्या वेळातच कर्सर हलवा. शून्याची दुरुस्तीही बोट नसतानाच चालू ठेवा. ती कायम चालू ठेवली की टेकवून ठेवलेलं बोट हळूहळू 'नाहीसं' होतं.

पाटीची उंची

बोट घासत नेताना आडवा जोरही लागतो. पाटीचा पृष्ठभाग सेन्सरच्या टेकण्यापेक्षा १५ मिमी उंच असेल आणि आडवा जोर उभ्याच्या निम्मा असेल, तर जागा ७.५ मिमी सरकलेली दिसते. कोडमध्ये याला औषध नाही. पाटी खाली घ्या, पृष्ठभाग गुळगुळीत ठेवा.

बाकीच्या, थोडक्यात

सेन्सरांच्या चौकोनाबाहेर दाबलं की समोरचा कोपरा उचलतो. सेन्सर कडेला न्या किंवा मऊ स्प्रिंगने पाटी खाली ओढून ठेवा.

पाटी पातळ असेल तर मध्ये दाबल्यावर ती तळालाच टेकते. टफन्ड काच घेणार असाल तर भोकं आधी पाडून घ्या, टफन केल्यावर ती कापता येत नाही.

मोबाइल ठेवून कॅलिब्रेशन करू नका. २०० ग्रॅमचं वजन चार कोपऱ्यांजवळ आळीपाळीने ठेवा, आणि बेरीज चारही ठिकाणी २०० येईल असे चौघांचे गुणक काढा. मग तेच वजन मध्ये ठेवून पडताळा.

दोन बोटं टेकवली तर मधलाच एक बिंदू मिळतो. चार आकड्यांतून मल्टिटच काढू बघणाऱ्यांना शुभेच्छा.

लोड सेलचा बारीक सिग्नल वाढवून आकड्यात बदलणाऱ्या एचएक्स ७११ चिपचे बरेच स्वस्त बोर्ड सेकंदाला १० रीडिंगवर बांधलेले येतात. त्यावर पॅड सुस्त वाटतो. रेट पिन ग्राउंडवरून सोडवून व्हीसीसीला जोडली की ८० मिळतात. एका चिपवर दोन सेल लावून पैसे वाचवू नका: 'बी' चॅनलचा गेन (सिग्नल वाढवायची पट) ३२ वर अडकलेला आहे, आणि दर वेळी चॅनल बदलला की रीडिंग स्थिरावायला ८० च्या वेगातही ५० मिलिसेकंद जातात. चार सेलना चार चिप, वाचायची क्लॉक पिन सामाईक, डेटा पिन वेगळ्या. प्रत्येक चिपचं मोजायचं आतलं घड्याळ स्वतःचं असल्यामुळे चारही डेटा पिन खाली येईपर्यंत थांबा, मगच वाचा. वाचताना क्लॉक ६० मायक्रोसेकंदांहून जास्त वर राहिला तर चिप झोपते. मध्येच आलेला इंटरप्ट (चालू काम थांबवून आर्डुइनोला दुसरीकडे वळवणारा इशारा) नेमकं हेच करतो, म्हणून क्लॉक वर असेपर्यंत इंटरप्ट बंद ठेवा.