सदनिकेसाठी कुत्रा निवडताना

मुंबई-पुण्याच्या सदनिकेत कुत्रा आणायचे ठरले की घरात पहिली चर्चा होते ती आकाराची. घर लहान म्हणून कुत्राही लहान, असे गणित मांडले जाते आणि बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. कुत्रा दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ झोपतो किंवा लोळतो, आणि त्यासाठी त्याला दिवाणाखालची जागाही पुरते. प्रश्न असतो तो उरलेल्या तासांचा. म्हणून जातींची छायाचित्रे पाहण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या जाण्या-येण्याच्या वेळा कागदावर लिहाव्यात, आणि सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला खाली कोण नेणार, पावसाळ्यात व मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत ते काम कोणाकडे जाणार, हेही त्याच कागदावर नोंदवावे. घर रोज आठ-नऊ तास कुलूपबंद राहत असेल तर पिल्लू आणूच नये. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू लागते आणि एकटेपणाची सवय त्याला हळूहळूच लावावी लागते. अशा घराने शांत स्वभावाचा प्रौढ कुत्रा दत्तक घ्यावा आणि दुपारी त्याला फिरवून आणणाऱ्या माणसाची सोय आधी करावी.

जात निवडताना तिला मुळात कोणत्या कामासाठी घडवले गेले, हे पाहणे सर्वांत उपयोगी ठरते. बीगल जेमतेम दहा किलोंचा असतो, पण इंग्लंडमध्ये तो टोळीने सशांचा माग काढण्यासाठी वाढवला गेला. वासामागे धावणे आणि लांबलचक सूर लावून साथीदारांना हाक देणे हे त्याच्या रक्तातच आहे. बंद दाराआड एकटा राहिलेला बीगल तोच सूर लावतो आणि तो तीन मजल्यांपर्यंत ऐकू जातो. ल्हासा ॲप्सो तर तिबेटच्या मठांतला राखणदार. तो जिन्यातल्या प्रत्येक पावलाची खबर देतो. याउलट ग्रेट डेन दिवसभर सोफ्यावर पडून राहू शकतो. तरीही मी तो सुचवणार नाही, कारण तो आजारी पडला तर लिफ्टपर्यंत उचलून नेणार कोण? डॅक्सहुंडचा कणा लांब असल्याने मणक्याचे दुखणे त्याच्या जातीतच असते, त्यामुळे लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी त्याचा विचार सोडावा किंवा जिन्यावरून त्याला कडेवर घेऊनच जा-ये करावी.

लॅब्रॅडोर आपल्याकडे सर्वांचा लाडका आहे आणि स्वभावाने तो त्या लाडाला पात्रही आहे. मात्र पंचवीस-तीस किलोंच्या या कुत्र्याला रोज तासभर तरी जोरकस व्यायाम लागतो, आणि पहिली दोन वर्षे तो हाती लागेल ते चावत सुटतो. त्यातच खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष या जातीत आढळतो आणि आपल्या गुळगुळीत फरशीवर घसरून तो अधिक त्रासदायक होतो. विकणाऱ्याकडे पिल्लाच्या आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत आणि घरात त्याच्या वावराच्या वाटेवर रबरी पाठीच्या चटया अंथराव्यात.

हवामानाचा विचार मात्र फारच थोडे लोक करतात, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून, जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा उडवून शरीर थंड ठेवतो. मुंबई, ठाणे किंवा पणजीच्या दमट हवेत हा ओलावा नीट उडत नाही. त्यात पगसारखे नाक चपटे असेल तर श्वासाची वाटच अरुंद असते आणि एप्रिलच्या दुपारी दहा मिनिटांचा फेरफटकाही जिवावर बेतू शकतो. २००३ च्या सुमारास दूरदर्शन संचांवर गाजलेल्या एका मोबाईल जाहिरातीमुळे पग घरोघरी पोहोचला, पण त्याचा घोरण्याचा आवाज गोड नसून अडलेल्या श्वासाचा आहे, हे जाहिरातीने कोणाला सांगितले नाही. शित्झूचे नाकही आखूडच असते. तो शांत आणि माणसाळलेला असल्याने सदनिकेत रमतो, परंतु त्याचे केस बारीक कापून ठेवावेत आणि उन्हाळ्यात त्याला पहाटे व रात्रीच बाहेर न्यावे. सायबेरियन हस्की कोकण किनाऱ्यावर ठेवणे मला तरी पटत नाही. दिवसरात्र वातानुकूलन चालवले तरी त्याची धावण्याची भूक त्याने भागत नाही.

मग उरते काय? पांढऱ्या केसांचा इंडियन स्पिट्झ, ज्याला आपण सरसकट पॉमेरियन म्हणतो, आपल्या उन्हाला बराच सरावलेला, काटक आणि हुशार असतो. मात्र तो भुंकतो, आणि भुंकणे थांबवण्याचे शिक्षण घरी आणल्याच्या पहिल्या महिन्यापासून द्यावे लागते. माझी स्वतःची पसंती देशी कुत्र्याला आहे. आखूड केस, लांब नाक आणि सडसडीत बांधा या हवेसाठीच घडलेला आहे. तो सावध असतो आणि अनोळखी माणसाजवळ चटकन जात नाही, म्हणून पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांचे होईपर्यंत त्याला लिफ्टची, पाहुण्यांची, कुकरच्या शिट्टीची आणि दूरवरच्या ढोल-ताशाची ओळख करून द्यावी. लसी पूर्ण होईपर्यंत हे कडेवर घेऊन करावे. देशीच हवा म्हणून कारवानी किंवा मुधोळ आणणाऱ्यांनी मात्र जवळ कुंपण असलेले मोकळे मैदान आहे का, ते आधी पाहावे. मांजर दिसताच हा शिकारी कुत्रा पट्ट्यासकट माणसालाही ओढून नेतो.

सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, तसेच कुत्र्याला लिफ्टमध्ये मज्जाव करता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट केले आहे. महापालिकेचा परवाना, रेबीजची लस आणि घाण उचलण्याची पिशवी ही जबाबदारी आपली. मुंबईत पावसाळ्याआधी लेप्टोची (साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लसही चुकवू नये.

विकत घ्यायचेच असेल तर २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रजनन करणाऱ्याची नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. पिल्लाची आई दाखवण्यास जो नकार देतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. दत्तक घेताना प्रौढ कुत्र्याला दोन वेगवेगळ्या वेळी भेटावे, जमल्यास आठवडाभर सांभाळायला घरी आणावे, आणि त्या आठवड्यात एकदा अर्धा तास दार लावून बाहेर जिन्यात उभे राहून तो एकटा भुंकतो-रडतो का, ते ऐकावे.