लोकांसाठी संगणक: पाच यंत्रं, एक प्रिंटर आणि संध्याकाळचे तीन तास

वाचनालयात लोकांसाठी संगणक ठेवायचे ठरलं की कार्यकारिणीत पहिली चर्चा होते ती यंत्रं किती घ्यायची याची. आधी वेळ ठरवा. शाळेची संगणक-खोली साडेपाचला कुलूपबंद होते आणि फॉर्म भरायचा असलेला माणूस सहाला कामावरून सुटतो. रोज सहा ते नऊ उघडे असलेले पाच संगणक बंद खोलीतल्या वीसांपेक्षा जास्त लोकांच्या कामी येतात.

बडोद्यात हे नव्याने सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. आज तीच सोय संगणकाची करायची आहे.

जवळच्या शाळेत चांगली खोली असेल तर नवीन काही विकत घेऊ नका. शाळा आणि वाचनालय यांच्यात एक पानी लेखी करार करा: किल्ली कोणाकडे, वीजबिल कोण भरणार, बिघाड झाला तर खर्च कोणाचा, स्वच्छतागृह उघडं राहणार का. शेवटचा मुद्दा लिहायचा राहिला की बायका आणि म्हातारी माणसं यायची थांबतात.

यंत्रं कंपन्यांनी बदललेली जुनी घेतली तरी उत्तम चालतात. आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, त्यात नवीन २४० जीबीची एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान साठवण. जुनी हार्डडिस्क ठेवू नका, संगणक संथ वाटतो तो बहुतेक तिच्यामुळेच. प्रत्येकात सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी बदला. ती संपली की यंत्राची तारीख मागे जाते, मग बँकेची किंवा सरकारी साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते आणि सगळे इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात. यंत्र सुरू होऊन पडदा काळाच राहिला तर रॅम काढून तिचे पितळी दिसणारे दात पेन्सिलच्या खोडरबराने पुसा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

विजेचा भार भीतीदायक नाही. एक यंत्र मॉनिटरसकट साधारण ८० वॅट घेतं. पाचांचे ४०० वॅट, तीन तासांचे सव्वा युनिटच्या आत. जपायचं ते अर्थिंगला. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर वायरमनला बोलवा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर अर्थिंग दुरुस्त झाल्याशिवाय यंत्रं लावू नका. दोन यंत्रांना मिळून ६०० व्हीएचा एक यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ चालवणारी बॅटरी, काम सेव्ह करण्यापुरता पुरतो. लेझर प्रिंटर मात्र थेट भिंतीच्या सॉकेटला, कारण त्याचा हीटर एका झटक्यात इतकी वीज ओढतो की यूपीएस बंद पडतो. खोली तळमजल्यावर असेल तर सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर आणि कॅबिनेट टेबलावर ठेवा. विश्वामित्री नदीचं पाणी २०१९ आणि २०२४ मध्ये शहरात कुठवर आलं होतं ते वस्तीत विचारा.

विंडोज १० चा कंपनीकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या यंत्रांवर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घाला. मिंटच्या ‘लॉगिन विंडो’च्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशन सुरू करा. माणूस लॉग आउट झाला की त्याचा पासवर्ड, डाउनलोड, आधारचं पीडीएफ सगळं पुसलं जातं. सार्वजनिक यंत्रावर ही सोय नसेल तर संगणक लोकांपुढे ठेवूच नये, इतकी ती महत्त्वाची आहे. पण वीज गेली तरी काम पुसलं जातं; म्हणून ‘पेनड्राइव्हवर किंवा ईमेलवर ठेवा’ ही पाटी प्रत्येक मॉनिटरवर मराठीत आणि गुजरातीत चिकटवा.

गेस्ट सेशन दर वेळी कोरं उघडतं, त्यामुळे कीबोर्ड नुसता आपल्या खात्यात बसवून चालत नाही. इंग्रजी, मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची ठरावीक कळरचना) आणि गुजराती हे तिन्ही पूर्ण यंत्रासाठी बसवा आणि गेस्ट म्हणून शिरून तपासा. मराठी माणूस अडतो तो ठरावीक अक्षरांवर, ती कागदावर छापून लावा: ळ साठी शिफ्ट आणि एन, ऱ साठी शिफ्ट आणि जे. ‘सुऱ्या’ लिहिताना आधी हा ऱ, मग डी ने हलन्त, मग य आणि काना. साध्या र ने सुरुवात केली तर ‘सुर्या’ उमटतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर अगम्य चिन्हांसारखा दिसला तर फाइल बिघडलेली नाही, तिचं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षर-पद्धतीत, रूपांतर करावं लागतं.

वाड्यांच्या जाड भिंतींतून वायफाय नीट पोचत नाही. आठ पोर्टचा नेटवर्क स्विच आणि कॅट-सिक्स नेटवर्क केबल घाला. राउटरच्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या जागी) १.१.१.३ भरलं की अश्लील आणि घातक साइट बहुतांशी अडतात.

मांडणीत मॉनिटरचे पडदे खोलीकडे तोंड करून ठेवा. सायबर कॅफेसाठीच्या २०११ च्या नियमांतही हेच आहे, शिवाय ओळखपत्र पाहणं आणि नोंद वर्षभर जपणं. वाचनालयाने हे सारं पाळावं. नाव, वेळ, यंत्र क्रमांक एवढी नोंद वहीत असली तर तक्रार आली तरी उत्तर देता येतं.

आणि रोज एक माणूस हजर हवा, इंजिनिअर नसला तरी चालेल. गुजरात सरकारच्या ओजस साइटवरचा नोकरीचा अर्ज, त्याच सरकारच्या डिजिटल गुजरात साइटवरची शिष्यवृत्ती, पेन्शनरांचा हयातीचा दाखला, यांत लोक अडतात ते फोटो आणि सही ठरवून दिलेल्या केबीत (फाइलच्या आकारात) बसवताना. त्यासाठी एक फ्लॅटबेड स्कॅनर ठेवा आणि आकार कमी करायची कृती भिंतीवर लावा. ओटीपी येतो त्या नंबरचा मोबाइल सोबत आणायला आदल्या दिवशीच सांगा. मुलाचा फोन सुरतेत असेल तर काकू तासभर बसून परत जातात. मदतनीसाने पासवर्ड स्वतः टाइप करू नये, माउसही हातात घेऊ नये, शेजारी उभं राहून सांगावं. वेळ पाऊण तासाची ठेवा, फॉर्म अर्धवट असेल तर वाढवून द्या. प्रिंटचे पैसे पानामागे ठरवून दारावर लिहा; त्यातूनच टोनर आणि कागद निघतो.