परदेशात गाडीची पावती फाटली? या चुका टाळा

सेल्फ-ड्राइव्ह सहलींची कागदपत्रं करून देणं हा माझा व्यवसाय. गाडीचं बुकिंग, परमिट, विमा, टोल, सगळं बघते. मे महिन्यातल्या सहली आटोपल्या की काही महिने शांततेत जातात आणि मग फोन सुरू होतात. "मॅडम, तिकडून काहीतरी पत्र आलंय. परदेशी भाषेत आहे. फेकून दिलं तर चालेल ना?"

नाही चालणार.

आपल्याला पुण्यात चलनाची एक सवय लागलेली आहे. मोबाईलवर मेसेज येतो, आपण चडफडतो आणि तो बाजूला सारतो. दहा-बारा साठले की लोकअदालत कधी आहे याची चौकशी करतो आणि तिथे तडजोड करून मोकळे होतो. जो थांबतो त्याचा फायदा होतो, हे आपल्या अंगवळणी पडलंय. परदेशात हे गणित बरोबर उलटं चालतं. सवलत पहिल्या काही दिवसांत मिळते, आणि थांबलात की रक्कम वाढते. माझ्याकडे येणारी निम्मी प्रकरणं याच एका सवयीतून चिघळलेली असतात.

गाडीच्या कंपनीने पैसे कापले म्हणजे दंड भरला, हा समज

ही माझी सर्वांत नावडती चूक, म्हणून हिच्यावर जास्त बोलणार आहे.

इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या गाभ्यात झेडटीएल नावाचा भाग असतो. फ्लॉरेन्स, रोम, पिसा, सिएना, बोलोन्या, सगळीकडे. ठरावीक वेळांत तिथे फक्त परवानगी असलेल्या गाड्या जाऊ शकतात. फाटक नाही, दोरी नाही, शिट्टी मारणारा मामा नाही. लाल गोलाची पाटी, शेजारी लाल-हिरवा दिवा आणि वर नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा, एवढंच. आपल्याकडे पेठेतल्या वन-वेमध्ये उलटं घुसलं तर निदान समोरचा रिक्षावाला ओरडून सांगतो. तिथे कोणी काही बोलत नाही. तुम्ही आरामात आत जाता, आइस्क्रीम खाता, फोटो काढता.

कोथरूडचे एक निवृत्त इंजिनिअर काका आणि काकू असेच फ्लॉरेन्समध्ये शिरले. हॉटेल थेट जुन्या भागात, कारण "चालायला लागू नये". मोबाईलवरचा नकाशा त्यांना दारापर्यंत घेऊन गेला. बॅगा उतरवल्या. मग पार्किंग शोधायला काका बाहेर पडले, गल्ली चुकले, पुन्हा आत आले, पुन्हा बाहेर. दर वेळी तोच कॅमेरा. आणि तिथला हिशोब असा की दर प्रवेशाचा दंड वेगळा. गंमत म्हणजे हॉटेलने बुकिंगच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की गाडीचा नंबर आम्हाला आधी कळवा, आम्ही तो पालिकेकडे नोंदवून देऊ. तो ईमेल काकांनी फक्त बुकिंग नंबरसाठी उघडला होता.

पुण्यात परतल्यावर काही आठवड्यांनी क्रेडिट कार्डावर प्रत्येक प्रवेशामागे चाळीसेक युरो कापलेले दिसले. काका आधी बँकेशी भांडले. कापलेले पैसे परत मिळावेत म्हणून अर्ज केला, तो फेटाळला गेला, कारण भाड्याच्या करारात तशी संमती दिलेली असते आणि खाली सही तुमचीच असते. मग त्यांनी मनाची समजूत घातली: जाऊ दे, दंड भरला गेला, विषय संपला.

विषय तेव्हा सुरूही झाला नव्हता. ते चाळीस युरो म्हणजे कंपनीने पोलिसांना तुमचं नाव-पत्ता कळवण्याची फी. दंड त्याहून वेगळा आणि तो थेट तुमच्या घरी येतो. इटलीबाहेर राहणाऱ्याला नोटीस पाठवायला तिथल्या कायद्याने 360 दिवसांची मुदत आहे, आणि भाड्याच्या गाडीत ती चालकाचं नाव कळल्यापासून मोजतात. म्हणून पत्र पुढच्या वर्षी येतं, तोपर्यंत तुम्ही पुढच्या सहलीचे फोटो टाकत असता. काकांनी पाकीट बघितलं, "हे तर भरलंय" म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलं. माझ्याकडे घेऊन आले तेव्हा 60 दिवस उलटून गेले होते आणि रक्कम जवळपास दुप्पट झाली होती.

पत्र मिळाल्यापासून पाच दिवसांत भरलं असतं तर 30 टक्के कमी. साठ दिवसांत भरलं असतं तर मूळ दंड, म्हणजे एका प्रवेशाचे साधारण 80-90 युरो आणि वर टपालखर्च. पाच दिवस हे पत्र हातात पडल्यापासून मोजतात, म्हणून पाकीट फाडून फेकू नका. मी त्यावर बॉलपेनने तारीख टाकते आणि पत्रालाच स्टेपल करते.

मग पत्रावरचा क्रमांक टाकून वेबसाइटवर फोटो बघायचा. नंबरप्लेट, तारीख, वेळ भाडेकराराशी जुळवायची. गाडी परत केल्यानंतरची वेळ असेल तर तुमची बाजू भक्कम आहे, जरूर लढा. प्रीफेक्टकडे, म्हणजे तिथल्या सरकारी प्रतिनिधीकडे, किंवा छोट्या न्यायाधीशाकडे दाद मागता येते, आणि परदेशात राहणाऱ्याला दोन्हीकडे 60 दिवस मिळतात. पण एकदा दंड भरला की दाद मागायचा हक्क संपतो, आणि प्रीफेक्टने अर्ज फेटाळला तर रक्कम वाढते. "आम्ही पाहुणे होतो", "पाटी इटालियनमध्ये होती", "गुगलने नेलं" या कारणांवर अर्ज लिहून द्या म्हणणारे लोक येतात. मी लिहून देत नाही. पुणेकराला पत्र लिहायची हौस असते, पण ती आपल्या पेपरातल्या वाचकांच्या सदरासाठी ठेवावी.

आणि मुळात गाडी आत न्यायचीच कशाला? फ्लॉरेन्सला ए-1 महामार्गावरून थेट आत वळता येईल असं विल्ला कोस्तान्झा नावाचं पार्किंग आहे. तिथे गाडी लावायची, टी-1 ट्रॅम पकडायची आणि गावात उतरायचं. हे सांगितलं की लोक म्हणतात, "बॅगा आहेत हो." बॅगा कमी न्या.

पोलिसाने थांबवलं की गाडीतून उतरणं

अमेरिकेत मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी हे खास. आपल्याकडे हवालदाराने हात केला की गाडी बाजूला घ्यायची, खाली उतरायचं, कागद घेऊन जवळ जायचं, "साहेब, काय झालं?" अशी नम्रतेची पद्धत. अमेरिकेत हीच नम्रता धमकीसारखी दिसते. मागे निळे-लाल दिवे लागले की उजवीकडे थांबा, आतच बसा, काच खाली करा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. कागद डॅशबोर्डच्या खणात असतील तर आधी सांगा आणि मग हात घाला.

माझ्या ओळखीतले एक गृहस्थ न्यू जर्सीत मुलाची गाडी चालवत होते. स्टॉपच्या पाटीपाशी गाडी पूर्ण थांबवली नाही, नुसती हळू केली. आपण इथे सिग्नललाही जेमतेम थांबतो, तेव्हा मोकळ्या चौकात पाटीसाठी कोण थांबणार! पोलीस आला, हे फाईल घेऊन खाली उतरले, तो ओरडला, हे घाबरले. तिकीट मिळालं. त्यावर सही करायची वेळ आली तर करायची, ती गुन्हा कबूल केल्याची सही नसते, उत्तर देईन अशी हमी असते. यांनी तिकीट खिशात ठेवलं आणि मुलाला सांगितलंच नाही. "उगाच सूनबाईसमोर शोभा नको." ठरल्या तारखेआधीच ते पुण्यात परतले.

तिकिटाला उत्तर दिलं नाही की तिथे कोर्ट ते हजर न राहणं धरतं. वॉरंट निघू शकतं, त्या राज्यात गाडी चालवायचा हक्क जाऊ शकतो. कॅमेऱ्याने काढलेलं चलन बहुतेक ठिकाणी गाडीच्या मालकाकडे जातं, पण पोलिसाने हातात दिलेलं तिकीट चालवणाऱ्याच्या नावावर असतं. इथे मुलाचा काही संबंध नव्हता, तरी पत्र त्याच्याच पत्त्यावर आलं. त्याने वकील लावून ते मिटवलं. वकिलाची फी दंडापेक्षा जास्त झाली आणि शोभा व्हायची ती झालीच.

तेव्हा तिकीट मिळालं की त्याच संध्याकाळी घरातल्या जाणत्या माणसाला दाखवा. मागच्या बाजूला कोर्टाचं नाव, तारीख आणि भरायचे पर्याय असतात. काही गुन्ह्यांत नुसते पैसे भरून भागत नाही, हजर राहावं लागतं. तेही तिथेच लिहिलेलं असतं. आणि पैसे भरणं म्हणजे बहुतेक राज्यांत गुन्हा कबूल करणं, हे डोक्यात ठेवून भरा. साध्या वेगाच्या तिकिटाने व्हिसावर लगेच गदा येत नाही. दारू पिऊन चालवण्याची गोष्ट वेगळी आहे. त्यात अटक होते आणि व्हिसा रद्द होऊ शकतो.

मुलांची पिवळी बस लाल दिवे लावून थांबली असेल तर समोरून येत असलात तरी थांबा, मध्ये दुभाजक असेल तर बहुतेक राज्यांत सूट असते, सगळीकडे नाही. यावर चर्चा नको.

बाकीच्या, पटापट

पोलिसाला नोट दाखवणं. कुठेही नाही. मात्र जर्मनी-ऑस्ट्रियात परदेशी चालकाकडून पोलीस जागेवरच रक्कम घेऊ शकतात आणि त्यासाठी कार्डाचं यंत्र काढतात. ती लाच नव्हे, घासाघीस करू नका, पावती घ्या.

वेबसाइटवरून डॉलर देऊन "इंटरनॅशनल लायसन्स" मागवणं. तो रंगीत कागद आहे. खरं परमिट आपल्या आरटीओतूनच मिळतं, फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. सोबत मूळ लायसन्सचं कार्ड न्या. डिजिलॉकर तिकडच्या पोलिसाला दाखवू नका.

"पाचने काय होतंय?" स्वित्झर्लंडमध्ये होतं. वस्तीत मर्यादेपेक्षा 1 ते 5 किलोमीटर जास्त वेगाला 40 फ्रँक, 6 ते 10 ला 120, 11 ते 15 ला 250. महामार्गाचं 40 फ्रँकचं स्टिकर नसेल तर 200 फ्रँक आणि वर स्टिकरचे पैसे.

दुबईची सवय अबू धाबीत नेणं. दुबईत रडार पाटीपेक्षा 20 किलोमीटर सूट देतो. अबू धाबीने ती 2018 मध्ये काढून टाकली, तिथे पाटीवरचा आकडा हीच मर्यादा. एका सकाळी मशीद बघायला निघालेली मंडळी इथेच सापडतात.

लंडनजवळच्या डार्टफर्डच्या पुलावर टोलनाका शोधणं. नाका नाही, दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत स्वतःहून ऑनलाइन भरायचं. ब्रिटनमध्ये काउन्सिलचं पार्किंगचं चलन 14 दिवसांत भरलं तर निम्मं होतं. मॉलच्या किंवा सुपरमार्केटच्या आवारातलं चलन मात्र बहुधा खासगी कंपनीचं असतं. कागद सारखाच दिसतो, म्हणून आधी पाठवणारा कोण ते वाचा.

एसएमएसमधली लिंक दाबून टोल भरणं. अमेरिकेत असे खोटे मेसेज सुळसुळाटाने फिरतात आणि आपल्याकडे व्हॉट्सअपवर चलनाच्या नावाने येणाऱ्या एपीके फाईल तर सगळ्यांना माहीत आहेत. ज्या मेसेजमध्ये गाडीचा नंबर, ठिकाण आणि वेळ नाही, तो मी उघडतही नाही.

भरायला बसल्यावर अडतं ते

आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. ॲपमध्ये जाऊन चालू करा आणि मर्यादा वाढवा. ओटीपी येणारं सिम चालू हवं. कार्ड चाललं नाही की लोक बँकेतून आयबॅनवर, म्हणजे तिकडच्या खात्याच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावर, पैसे पाठवतात. चालतं, पण दोन-तीन दिवस जातात, मधल्या बँका आपली फी कापून घेतात आणि तिकडे दहा युरो कमी पोचले की दंड अपुरा भरलेला धरतात. त्यामुळे सगळे चार्जेस तुमच्याकडून घ्यायला सांगा आणि शेऱ्यात नोटिशीचा क्रमांक घाला. नाव नाही, क्रमांक. तुमचं नाव तिथे कोणी शोधत बसणार नाही. पाच दिवसांची सवलत हवी असेल तर बँकेचा रस्ता मी धरतच नाही, घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी कार्ड मागते.

आणखी एक, फारच पुणेरी. गाडी घेताना फॉर्ममध्ये पत्ता लिहिताना "अमुक हॉलच्या मागे, मारुती मंदिरासमोर" हे सगळं भरू नका. त्या रकान्यात अक्षरं मोजकी मावतात आणि शेवटचा पिनकोडच कापला जातो. फ्लॅट, इमारत, रस्ता, पिनकोड एवढंच लिहा. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा की रजिस्टर पत्र परत पाठवायचं नाही. पत्र परत गेलं म्हणून दंड रद्द होत नाही. भरल्याची पावती छापून भाडेकरारासोबत ठेवा. इटलीत न भरलेला दंड पाच वर्षांपर्यंत वसूल करता येतो, म्हणून ती फाईल मी माझ्या लोकांना पाच वर्षं माळ्यावर टाकू देत नाही.