कंट्रोल लाइन विमानाचा वेग मोजायला निघण्याआधी

कंट्रोल लाइन विमान म्हणजे दोन बारीक तारांनी (लाइन) हातातल्या हँडलला जोडलेलं, पायलटभोवती गोल फिरणारं छोटं विमान. त्याचा वेग काढायचं गणित शाळेतलंच आहे. परिघाला फेऱ्यांनी गुणा, वेळेनं भागा, वेग हातात. आकडा चुकतो तो मैदानावर, आणि बहुतेक वेळा त्रिज्येत. म्हणून आदल्या संध्याकाळचा वेळ मी सगळ्यात आधी त्रिज्येला देतो.

लाइनच्या पुड्यावर 18 मीटर छापलंय म्हणून 18 धरू नका. त्रिज्या म्हणजे हँडलच्या मुठीच्या मध्यापासून प्रोपेलरच्या अक्षापर्यंतचं अंतर. त्यात हँडलची केबल, दोन्ही टोकांच्या क्लिपा, लीडआउट (पंखातून बाहेर येणाऱ्या तारा, ज्यांना लाइन अडकवतात) आणि डावा पंख हे सगळं आलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये विमानासकट लाइन पसरा, एकानं विमान धरायचं, दुसऱ्यानं हँडल ओढून लाइन ताठ करायची आणि तिसऱ्यानं मोजायचं. टेप 20 किंवा 30 मीटरचा स्टीलचा घ्या. पाच मीटरचा टेप चार वेळा सरकवला की प्रत्येक खुणेला थोडं थोडं अंतर निसटतं, आणि कापडी टेप ताणला जातो. आलेला आकडा हँडलवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहून ठेवा. लाइन बदलली की चिकटपट्टीही बदला.

लाइन मोजतानाच बोटांमधून फिरवून पाहा. जिथे पीळ किंवा मोड लागेल ती लाइन बाद, तिला सरळ करून वापरायचं नाही. मग ओढून बघण्याची चाचणी. 1.2 किलोचं स्टंट विमान 18.3 मीटर त्रिज्येवर ताशी 80 किलोमीटरनं फिरत असेल तर हाताला सव्वातीन किलोच्या आसपास ओढ बसते. एरोबॅटिक्सच्या आंतरराष्ट्रीय नियमात चाचणी वजनाच्या दहापट असते, म्हणजे इथे 12 किलो. स्प्रिंगचा काटा लावून तेवढं ओढा. वेगाच्या एफ2ए प्रकारात हीच चाचणी पन्नासपट असते. ताशी 300 किलोमीटरला 17.69 मीटर त्रिज्येवर ओढ वजनाच्या चाळीसपट होते, त्यामुळे पन्नासचा आकडा मला अजिबात जास्त वाटत नाही. त्या 17.69 मध्ये एक सोयही दडलेली आहे: तेवढ्या त्रिज्येच्या नऊ फेऱ्या म्हणजे बरोबर एक किलोमीटर.

मैदान निवडताना वर बघा. विजेच्या तारा जवळपास असतील तर तिथून परत या. स्टीलच्या लाइन हातात धरून तिथे उभं राहण्यात जिवाला धोका आहे. ढग गडगडत असतील तरीही तेच. वर्तुळाच्या मधोमध चुन्याची खूण करा, बाहेरून लोकांना आणि मुलांना अडवायला दोरी बांधा. मनगटाचा पट्टा हँडलला आहे ना, हे उड्डाणाआधी पुन्हा एकदा बघा. इंधन सावलीत, झाकण लावून ठेवा. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात दिसत नाही.

वेळ घेणारा पायलट नसावा. तो वर्तुळाबाहेर एका जागी उभा राहील आणि केंद्रापलीकडे, वर्तुळाच्या बाहेर, त्याच्या सरळ रेषेत एक उंच काठी रोवलेली असेल. विमान काठीसमोरून गेलं की स्टॉपवॉचचं बटण. पहिल्यांदा जाताना मोठ्यानं ‘शून्य’ म्हणायचं, ‘एक’ नाही. ‘एक’पासून सुरू करून ‘दहा’ला थांबलात तर फेऱ्या नऊच झाल्या आणि वेग अकरा टक्क्यांनी फुगला. एनसीसीच्या एअर विंगमधल्या नव्या कॅडेटांकडून मी सगळ्यात आधी हे शून्य घोटून घेईन.

दहा फेऱ्याच का? स्टंट विमानाची फेरी पाच सेकंदांच्या आसपास असते. बोटाची चूक 0.2 सेकंदाची धरली तर एका फेरीत ती चार टक्के, दहा फेऱ्यांत 0.4 टक्के. शिवाय वाऱ्याबरोबर विमान पळतं आणि वाऱ्यासमोर रेंगाळतं, म्हणून मोजायच्या त्या पूर्ण फेऱ्याच. टाकी रिकामी होत आली की मिश्रण पातळ होऊन (इंधन कमी, हवा जास्त) इंजिनाचा आवाज चढतो, वेगही बदलतो. तेव्हा सुरुवातीच्या काही फेऱ्या सोडा, शेवटच्या सोडा, मधल्या घ्या.

पायलटला आधीच सांगून ठेवायच्या गोष्टी दोन. हात छातीजवळ ठेव, कारण हात अर्धा मीटर पुढे असेल तर 18.3 ची त्रिज्या 18.8 होते आणि खरा वेग पावणेतीन टक्क्यांनी जास्त असतो. (एफ2ए मध्ये यासाठीच केंद्रात खांब असतो आणि हँडल त्याच्या बेचक्यात टेकवतात.) आणि उंची सांभाळ. हाताच्या पातळीपेक्षा दोन मीटर वर गेलं तर वर्तुळ अर्ध्या टक्क्याच्या आसपास लहान होतं, ते चालून जातं. सहा मीटर वर गेलं तर साडेपाच टक्के, ते चालत नाही. ती फेरी रद्द.

वहीत सूत्र आधीच लिहून न्या: 22.6 गुणिले त्रिज्या गुणिले फेऱ्या, भागिले सेकंद. 18.3 मीटर, 10 फेऱ्या, 52 सेकंद, म्हणजे ताशी 79.5 किलोमीटर. पडताळणीसाठी प्रोपेलरचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पुढे जाईल ते अंतर, धरा: 6 इंच पिच मिनिटाला 9,000 फेरे फिरला तर ताशी 82 किलोमीटर. हवेत फेरे थोडे वाढतात, तरी तुमचं उत्तर 100 आलं तर फेऱ्या पुन्हा मोजा. त्याच पानावर प्रोपेलरचं माप, इंधन, तापमान आणि वारा लिहा. तीन उड्डाणं घ्या आणि तिन्ही आकडे ठेवा, सगळ्यात मोठा तेवढा नको.