दगडी फरशीच्या या चुका टाळा

पांढऱ्या संगमरवरावर ॲसिडचे निस्तेज चट्टे दिसले की माझ्या पोटात कालवतं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड पडलं की फेस येतो आणि लोकांना वाटतं, मळ सुटतोय. सुटतो तो दगड. चट्टा पुसून जात नाही, कारण तिथला दगडच खाल्लेला असतो. पुन्हा घासूनच काढावा लागतो. सीलर मारलंय म्हणून निर्धास्त राहू नका. सीलर तेल-पाणी मुरू देत नाही, ॲसिड अडवत नाही. "अगदी पातळ करून वापरलं हो," असं सांगणारे मला रोज भेटतात. पातळ ॲसिडही दगड खातंच. मी साधं पाणी आणि न्यूट्रल क्लीनर (ना आम्ल, ना अल्कली) यापलीकडे काही वापरत नाही.

दुसरी चूक नंबर उडवण्याची. फरशी घासायचे डायमंड पॅड, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या चकत्या, 50, 100, 200, 400, 800, 1500, 3000 असे चढत जातात; नंबर लहान तितका कण जाड. प्रत्येक नंबरचं काम एकच, आधीच्या नंबरचे ओरखडे काढायचे. एका घरी 100 नंबर संपवून मी हाताखालच्या नव्या मुलावर हॉल सोपवला. दोन तासांत तो आला, "झालं दादा." फरशी ओली होती, चकाकत होती, मीही मान डोलावली. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि हॉलभर गोल गोल ओरखडे उमटले. पोरानं 200 आणि 400 सोडून थेट 800 लावला होता. घरमालक एक शब्द बोलले नाहीत, उकिडवे बसून फरशीवरून हात फिरवत राहिले. ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. पुढचे दोन दिवस 200 पासून पुन्हा घासाई केली, माझ्या खर्चानं.

तेव्हापासून प्रत्येक नंबरनंतर मी रबडी, म्हणजे घासाईतून निघालेला ओला गाळ, पूर्ण उचलतो, फरशी कोरडी करतो आणि बॅटरी जमिनीलगत आडवी धरून बघतो. ओल्या फरशीवर ओरखडे लपतात. रबडीत जाड नंबरचा एक कण राहिला तरी पुढची मेहनत वाया जाते. घाई असणाऱ्यानं या कामात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोरडी घासाई करूच नका. ग्रॅनाइटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसं कायमची निकामी करते.

ओलसर दगडावर सीलर मारू नका. मी दोन दिवस वाळू देतो. जास्तीचं सीलर सुकायच्या आत पुसून घ्या, नाहीतर धुरकट थर बसतो.

मेण चोपडून आणलेली चमक टिकत नाही. त्यात धूळ रुतते, पिवळेपणा येतो.

दारात पायपुसणं हवंच. कठिणतेच्या मोह्स मापावर (1 सर्वात मऊ, 10 सर्वात कठीण) वाळूतल्या क्वार्ट्झची कठिणता 7, संगमरवराची 3 च्या आसपास. चपलेखालचे दोन कण रोज फरशी खरवडतात. म्हणून आधी मऊ झाडूनं झाडा, मगच ओलं फडकं लावा.

सीलर पुन्हा कधी मारायचं, हे तारखेवर ठरवू नका. पाण्याचे चार थेंब टाका, दहा मिनिटं थांबा. खाली दगड गडद झाला, तर वेळ आली.