सायकलनं इमॅजिकाला जाणाऱ्या जोडप्यांनो, या चुका टाळा

दिवाळी सरली की मला हा फोन येतोच. "ताई, आम्ही दोघं पुण्याहून सायकलवर खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला जायचं म्हणतोय. वाटेत पवना धरणाशी टेंट टाकू. तुम्ही गेला होतात ना?" गेले होते, दोनदा, नवऱ्याबरोबर. पहिल्या खेपेला पार्कच्या दारात पोचलो तेव्हा आमचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. त्यामुळे अनुभव दांडगा आहे.

मी उलट एकच विचारते. टेंट घरी उघडून पाहिलात का? पलीकडे शांतता. मग "अजून पिशवीतच आहे, तिथे गेल्यावरच उघडू. दोन मिनिटांत लागतो, व्हिडिओ बघितलाय."

त्या व्हिडिओतल्या माणसाच्या पायाखाली हिरवळ असते. आपल्याकडे मुरूम असतो. आमच्या पहिल्या खेपेला कोथरूडहून निघायलाच उशीर झाला, देहूरोडला पंक्चर, कामशेतला मिसळ, आणि पवनानगरच्या पुढे जागेवर पोचेपर्यंत अंधार पडला. मोबाइल माझ्या दातांत, टॉर्च चालू. नवरा दगडानं पेग, म्हणजे टेंटच्या खुंट्या, ठोकतोय आणि ते अॅल्युमिनियमचे पेग केसांच्या आकड्यांसारखे वाकताहेत. चौदातले सहा वाकले. मग कळलं की एका पोलच्या आतलं इलॅस्टिकच तुटलंय, म्हणजे कुठला तुकडा कुठल्यात घालायचा हे कोडं. हे सगळं होईस्तोवर साडेआठ वाजले. थंडी वाजते म्हणून रात्री सगळ्या चेन, सगळ्या खिडक्या गच्च बंद केल्या. पहाटे चारला कपाळावर टप्पकन थेंब. "टेंट गळका दिला," हा ओरडला. गळका नव्हता. दोन माणसांच्या श्वासाची वाफ गार कापडावर जमून तिचं पाणी झालं होतं. कितीही थंडी असो, वरचे झरोके उघडे ठेवायचे. कुडकुडत असाल तर आणखी एक स्वेटर घाला. आणि ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊ नका. कोळशातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतून जागच येत नाही.

तेव्हापासून माझा नेम असा, की निघायच्या आधी एक अख्खी रात्र सोसायटीच्या गच्चीवर टेंटमध्ये झोपायचं. सेक्रेटरी चौकशा करतात, करू देत. गच्चीवर पेग ठोकता येत नाहीत, दोऱ्या टाकीच्या पाइपाला बांधायच्या. शिवाय हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची खिळे घ्यायचे, डझनभर. मुरमात दुसरं काही टिकत नाही. वजन वाढतं म्हणून कुरकुरणाऱ्यांनी दुसरी जीन्स घरी ठेवावी.

रस्त्याचं थोडक्यात. मोबाइलवर गाडीचा रस्ता लावून निघू नका, तो तुम्हाला एक्स्प्रेस वेच्या तोंडाशी नेऊन उभा करतो आणि तिथे सायकलला बंदी आहे. आपला रस्ता जुन्या हायवेनं, निगडी, तळेगाव, वडगाव, कामशेत. तिथून डावीकडे पवना. दुसऱ्या दिवशी दुधिवरे खिंडीतून लोणावळा, खंडाळा, घाट उतरून खोपोली आणि मग पालीच्या रस्त्याला पार्क. घाटात थोडा तुकडा एक्स्प्रेस वेच्या गाड्यांबरोबर काढावा लागतो, तिथे फोटो काढत थांबू नका. आणि कुणी "अमृतांजन पुलाशी" अशी खूण सांगितली, तर पूल शोधत बसू नका. 1830 सालचा तो पूल 2020 च्या लॉकडाउनमध्ये पाडला. लोकांनी पत्ता सांगताना तो अजून पाडलेला नाही.

आता आमचं बोलणं का बंद झालं ते. दुधिवऱ्याच्या चढावर हा पुढे. वर जाऊन थांबायचा, काकडी खायचा, पाणी प्यायचा. मी धापा टाकत पोचले की "आलीस? चल," म्हणून टांग टाकायचा. म्हणजे विश्रांती कुणाला, ज्याला नको त्याला. प्रत्येक जोडप्यात हे घडतं, आणि दर वेळी पुढच्याला वाटतं की आपण किती समजूतदारपणे थांबलो! मंद असेल त्यानं पुढे राहायचं, दणकट असेल त्यानं मागे आणि सामानही त्याच्याच सायकलवर जास्त. आमच्यात हे लागू झालं ते मी एकदा लोणावळ्यातून परतीची लोकल पकडायची धमकी दिल्यावर.

पण सामान जास्त म्हणजे सगळं मागच्या कॅरिअरवर नव्हे! त्या खेपेला टेंट, स्टोव्ह, दोन्ही स्लीपिंग बॅगा, सगळं याच्या मागच्या चाकावर बंजीनं, म्हणजे हुकाच्या रबरी दोरीनं, आवळलेलं, वीसेक किलो. टायरमध्ये हवा ठासून. लोणावळा सव्वासहाशे मीटर उंचीवर, खोपोली जेमतेम साठावर. मधली सगळी उतरण यानं मागचा ब्रेक दाबून धरून केली. शिंगरोबाच्या देवळाच्या थोडं खाली सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. मला वाटलं ट्रकचा टायर. बघते तर हा कठड्याला टेकलेला, गुडघा सोललेला, टायर रिमवरून उतरून लोंबतोय. ओला रुमाल रिमला लावला तर चर्र झालं. ब्रेक पॅड घासून घासून रिम तापते, आतली हवा फुगते आणि टायर रिम सोडतो. वेग कमी होता म्हणून गुडघ्यावर भागलं.

मी काय करते? ब्रेक धरून ठेवत नाही. जोरात दाबायचा, वेग उतरला की सोडायचा, पुन्हा दाबायचा, दोन्ही ब्रेक वापरायचे. तीनदा थांबायचं. एकदा शिंगरोबाला, इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो, त्याला नाणं टाकून. बोट रिमजवळ नेऊन धग लागते का बघायची. डिस्क ब्रेकवाल्यांनी डिस्कला बोट लावायची हौस करू नये. निघायच्या आधी पॅड बदला. हजारोंचं हेल्मेट घेऊन जुन्या पॅडवर घाट उतरणारे बघितले की मला काही सुचत नाही. जड सामान खाली, दोन्ही बाजूंना सारखं. बंजी नको, पट्टे घ्या.

पार्कचं तिकीट पोचायच्या दिवसाचं काढू नका. दोन दिवस सीटवर बसून आलेलं बूड रोलर कोस्टरच्या खुर्चीत काय बोलतं ते तुम्हालाच कळेल. रात्री खोपोलीच्या आसपास किंवा पार्कच्या हॉटेलात झोपा, सकाळी आत जा. शनिवार-रविवार नको. सायकल कुठे लावायची ते आधी फोन करून विचारा, आणि दोन्ही सायकली एकमेकींना पाठमोऱ्या लावून एकाच कुलपात अडकवा.

परतीला घाट चढायचा हट्ट दर वेळी नवऱ्यांचाच असतो. आम्ही खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत छोटा टेम्पो करतो, पुढे पुण्यापर्यंत सायकल. टेम्पोवाल्याला खाली गोणपाट अंथरायला सांगा, आणि सायकल आडवी घालताना चेनची बाजू वर.